टेललाइटचा बल्ब सारखा उडतो, एलईडी लुकलुकतो: दिवा बदलण्याआधी अर्थिंग तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी वडिलांची, २००६ सालची स्प्लेंडर. गुहागर तालुक्यातल्या शाळेपर्यंत रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. गेली दोन वर्षे मागचा बल्ब दर महिना-दीड महिन्याने उडतो. कंटाळून दुकानातून एलईडी बल्ब बसवून घेतला, तर तो गाडी उभी असताना लुकलुकतो, पाऊस लागला की ब्रेक न दाबताही त्याचा ब्रेकचा भाग मंद जळत राहतो, आणि मागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही ब्रेक दाबला की नाही हे कळतच नाही. म्हणून मागचा अख्खा दिवा काढून नवी वायरिंग करायची आणि चांगल्यापैकी एलईडी युनिट बसवायचे, असे तुम्ही ठरवले आहे. कोणते युनिट घ्यावे, एवढेच तुम्ही विचारले आहे.

चिपळुणात गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बावीस वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्या दुकानात याच शब्दांत येतो. माझे सरळ मत असे की युनिट कोणते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. तुमच्या चार तक्रारींची कारणे चार वेगवेगळी आहेत आणि त्यांतले फक्त एक दिव्यात आहे. बाकीची तीन तशीच राहिली तर महागातले युनिटही तुम्हाला सहा महिन्यांत पुन्हा दुकानात आणेल. मी तुमची गाडी पाहिलेली नाही. वायरिंग मूळचे आहे की मध्ये कोणी बदलले आहे, पुढच्या दिव्यात मूळचा बल्ब आहे की तिथेही एलईडी आला आहे, मागे लोखंडी कॅरिअर बसवताना कोणी मडगार्डला भोक पाडले आहे का, यावर बरेच अवलंबून आहे. म्हणून निदान सांगण्यापेक्षा ते कसे करायचे, हे सांगणे मला अधिक बरे वाटते.

सुरुवात एका साध्या परीक्षेने करा. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा, दिव्यांचे बटण चालू करा आणि मागे जाऊन पाहा. टेललाइट लागला नाही, पण ब्रेक दाबल्यावर ब्रेकलाइट लागला, तर एकाच बल्बाच्या दोन तारांना दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज मिळते आहे. त्या काळातल्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत अशीच रचना असे. हेडलाइट, टेललाइट आणि मीटरमधला दिवा थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) कॉइलवर, म्हणजे दिशा सारखी उलटणाऱ्या विजेवर (एसीवर) चालत. ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि हॉर्न बॅटरीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर (डीसीवर). लहानशा बॅटरीवर भार नको म्हणून केलेली ही काटकसर होती आणि तापून प्रकाश देणाऱ्या बल्बाला त्याचे काहीच वाटत नाही, कारण प्रवाहाची दिशा सेकंदाला कितीही वेळा उलटली तरी फिलामेंट तेवढ्या वेळात थंड होत नाही. एलईडीचे तसे नाही. तो एकाच दिशेच्या प्रवाहावर जळतो आणि उलट्या अर्ध्या फेऱ्यात तत्क्षणी विझतो. इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर गुरगुरत असताना हे विझणे डोळ्यांना दिसते आणि रेस दिल्यावर दिसेनासे होते. तुमचा बल्ब लुकलुकतो तो यामुळे. त्यात बल्बाचा दोष नाही आणि वायरिंगचाही नाही. दोन गोष्टींची जोडी चुकली, इतकेच.

आता बल्ब उडण्याकडे येऊ, कारण मूळ दुखणे ते आहे. बल्ब उडण्याचे एक कारण कंपन हे असते: दिव्याच्या बुडाशी रबराचे बुश असतात, ते कडक झाले किंवा कोणी काढून टाकले की प्रत्येक खड्डा थेट फिलामेंटवर बसतो. दुसरे कारण चुकीचा बल्ब. बल्बाच्या पितळी बुडावर कोरलेला आकडा वाचा. या गाड्यांना सहसा १२ व्होल्ट १०/५ वॅटचा बल्ब असतो, पण दुकानांत २१/५ वॅटचा बल्ब अधिक सहज मिळतो आणि तो त्याच होल्डरमध्ये बसतो, म्हणून देणारा देतो आणि घेणारा घेतो. तिसरे आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे जादा व्होल्टेज. फिलामेंटच्या बल्बाला हा जाच अजिबात सोसत नाही. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येते आणि दहा टक्क्यांनी वाढले तर तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. टेललाइटचे फिलामेंट बारीक, पाच वॅटचे, म्हणून पहिला बळी त्याचा जातो.

हे जादा व्होल्टेज येते कुठून? मॅग्नेटोची कॉइल रेस वाढेल तसे व्होल्टेज वाढवत जाते आणि त्याला आवर घालायचे काम रेग्युलेटरकडे असते. रेग्युलेटर जादा वीज अडवून धरत नाही, तो ती अर्थमध्ये, म्हणजे चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) परतीच्या वाटेवर, सोडून देतो. म्हणजे ज्या हिरव्या तारेतून तो वीज बाहेर टाकतो, ती तार जर गंजली असेल किंवा तिचा बोल्ट ढिला असेल, तर रेग्युलेटर धडधाकट असूनही हतबल होतो, आणि उतारावर रेस चढली की सगळा भार मागच्या बिचाऱ्या बल्बावर येतो. पुढच्या हेडलाइटचाही इथे वाटा आहे. ३५ वॅटचा हेडलाइट हा त्या कॉइलवरचा सर्वांत मोठा ग्राहक. तो उडाला किंवा त्याच्या जागी कोणी आठ-दहा वॅटचा एलईडी बसवला, की आवरायची वीज वाढते आणि रेग्युलेटर थकलेला असेल तर टेललाइट मागोमाग जातो. ‘पुढचा गेला आणि त्याच रात्री मागचाही गेला’ असे सांगणारे गिऱ्हाईक आले, की मी बल्बाकडे न बघता आधी रेग्युलेटरच्या बोल्टकडे बघतो.

तुम्ही हे घरी तपासू शकता. इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा आणि रेस वाढवा. आकडा साडेचौदाच्या आसपास येऊन थांबला पाहिजे. पंधराच्या वर चढत राहिला तर गडबड आहे. एसीच्या तारेवर मात्र स्वस्तातला मल्टिमीटर बरोबर आकडा दाखवत नाही, कारण रेग्युलेटरने कापलेली लाट त्याला नीट मोजता येत नाही. तिथे मी डोळ्यांवर विश्वास ठेवतो. रात्री भिंतीकडे तोंड करून गाडी उभी करा आणि हळूहळू रेस द्या. हेडलाइटचा उजेड एका मर्यादेपर्यंत वाढून स्थिर झाला तर ठीक, रेसबरोबर वाढतच राहिला आणि निळसर पांढरा व्हायला लागला तर लगेच रेस सोडा. मग रेग्युलेटरचा अर्थ घासून, घट्ट करून पुन्हा पाहा. त्यानेही फरक पडला नाही तरच नवा रेग्युलेटर घ्या.

अर्थ हा शब्द दोनदा आला आहे आणि अजून बऱ्याच वेळा येईल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. लोक वीज येणाऱ्या तारेची काळजी घेतात. परत जाणारी तार कोणाच्या खिजगणतीत नसते. टेललाइटमध्ये दोन फिलामेंट आणि त्यांना दोन तारा, पण परतीचा रस्ता दोघांना मिळून एकच, तो म्हणजे बल्बाची पितळी टोपी, तिथून होल्डर, तिथून हिरवी तार आणि शेवटी चेसिस. आपल्या कोकणात तीन-चार महिने मागच्या चाकाचा चिखल नेमका या तारेवर उडत असतो आणि किनाऱ्याकडे बारमाही खारी हवा असते. तांब्यावर हिरवी बुरशी चढते, बाहेरचे आवरण मात्र नव्यासारखे दिसते.

हर्णैकडून मासे आणणाऱ्या एका विक्रेत्याची गाडी माझ्याकडे आली होती. मागे बर्फाच्या पेट्या, त्यांतून दिवसभर खारे पाणी ठिबकत असे. त्याची तक्रार अशी की ब्रेक दाबला की ब्रेकलाइट लागत नाही, पण इंडिकेटर मंद पेटतात. आधीच्या ठिकाणी त्याला इंडिकेटरचे स्विच, रिले आणि बल्ब असे सगळे बदलून दिलेले होते. प्रत्यक्षात मागच्या दिव्यांची अर्थची तार मडगार्डखाली आतल्या आत तुटली होती. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला परत जायला रस्ता नव्हता, म्हणून ती त्याच अर्थवर जोडलेल्या इंडिकेटरच्या बल्बांतून उलटी शिरून पुढच्या बल्बांमार्गे चेसिस गाठत होती. एक वेगळी तार ओढून बॅटरीच्या ऋण टोकाला दिली आणि सगळे दिवे ताळ्यावर आले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. एका ठिकाणी हात लावल्यावर भलतेच काहीतरी पेटू लागले, की समाईक अर्थ तुटला आहे असे समजून कामाला लागावे, एवढा या प्रसंगाचा उपयोग आहे.

पूर्ण तुटलेला अर्थ निदान लक्षात तरी येतो. अर्धवट खराब झालेला अर्थ जास्त फसवतो. एक हिशेब पाहा. २१ वॅटच्या ब्रेकलाइटचा जळत असतानाचा रोध १२ व्होल्टला साधारण सात ओहम. अर्थच्या जोडात गंजामुळे फक्त एक ओहमची भर पडली, तर बल्बाला १२ ऐवजी सुमारे साडेदहा व्होल्ट मिळतात. फरक किरकोळ वाटतो, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या तिपटीहून जास्त वेगाने घसरतो, त्यामुळे उजेड जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो. मल्टिमीटर मात्र या रिकाम्या होल्डरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर नावापुरताच प्रवाह घेतो आणि तेवढा एका शिल्लक राहिलेल्या तांब्याच्या धाग्यातूनही जातो. म्हणून मोजमाप भाराखाली घ्यायचे. बल्ब जागेवर ठेवा, कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि मीटरचे एक टोक होल्डरच्या पत्र्यावर व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी आले पाहिजे. एक-दीड व्होल्ट दिसले, तर तेवढे व्होल्ट तुमच्या अर्थच्या तारेने वाटेतच खाल्ले.

आता प्रत्यक्ष वायरिंग. अख्खा हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारा तारांचा जुडगा, बदलू नका, मागच्या भागाच्या तारा बदलणे पुरेसे आहे. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी तार अर्थची, तपकिरी टेललाइटची आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली ब्रेकलाइटची असते. तरी वीस वर्षांच्या गाडीत मध्ये कोणी काय जोडले आहे, याचा भरवसा नसतो, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक तार टेस्ट लॅम्पने ओळखून तिला कागदाची चिठ्ठी बांधा. टेस्ट लॅम्प म्हणजे जुना बल्ब, होल्डर आणि दोन तारा. तो भाराखाली तपासतो म्हणून या कामात मला मीटरपेक्षा जवळचा वाटतो. नवी तार दोन्ही दिव्यांसाठी अर्धा चौरस मिलिमीटरची पुरते, अर्थसाठी मात्र मी नेहमी पाऊण चौरस मिलिमीटरची घेतो आणि ती मडगार्डच्या नटावर न सोडता सीटखालून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किंवा चेसिसच्या जाड बोल्टपर्यंत नेतो. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) आवळायचे आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावायचे.

जोड कसे द्यावेत यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. जुने कारागीर डाग मारल्याशिवाय (सोल्डर केल्याशिवाय) जोडाला जोड मानत नाहीत. मीही आधी तसेच करत असे. पण डाग तारेत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि दुचाकीच्या कंपनाने तार नेमकी त्या कडेला तुटते. म्हणून आता मी योग्य मापाच्या पक्कडीने दाबलेले कनेक्टर वापरतो आणि त्यावर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवतो. डाग मारायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी तार बांधून स्थिर करा. काळी चिकटपट्टी एकट्याने कधीही वापरू नका; उन्हाळ्यात तिचा चीक वितळतो आणि पावसाळ्यात तिच्या आत पाणी साठून राहते. तार मडगार्डमधून जिथे पार होते तिथे भोकाच्या कडेला रबराचे कडे (ग्रोमेट) हवेच, नाहीतर पत्र्याची कड एक दिवस आवरण कापेल आणि फ्यूज उडेल. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्यांचे जळालेले हार्नेस मी पाहिले आहेत.

लुकलुकीचा बंदोबस्त टेललाइट डीसीवर आणून होतो आणि इथे एक घातक चूक टाळायची आहे. ब्रेकच्या स्विचला किंवा हॉर्नला येणारी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी तार घ्यायची, तिच्यात एक-दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज घालायचा आणि ती टेललाइटच्या टोकाला द्यायची, इतकेच काम आहे. परंतु आधी जुनी तपकिरी तार दिव्यापासून पूर्ण तोडून तिच्या वरच्या टोकावर स्लीव्ह चढवलीच पाहिजे. ती न तोडता नवी तार तिच्यावर नुसती जोडली, तर बॅटरी थेट मॅग्नेटोच्या कॉइलला, हेडलाइटला आणि मीटरच्या दिव्याला जोडली जाते. मग फ्यूज उडतो किंवा न उडता बॅटरी उतरते, आणि रेग्युलेटर जाण्याचीही शक्यता असते. हे केल्यावर टेललाइट किल्लीबरोबर लागेल, बटणाचा त्याच्याशी संबंध उरणार नाही. मला यात तोटा दिसत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे असेच इंजिनाबरोबर कायम जळतात आणि घाटातल्या धुक्यात त्याचा उपयोगच होतो. फक्त किल्ली चालू विसरू नका. किक मारायच्या गाडीतली अडीच अँपिअर-अवरची बॅटरी पाच वॅटच्या बल्बाने सहा तासांत संपते. एलईडीने खूप जास्त वेळ टिकते, तरी संपतेच.

एसीवरच राहून मध्ये ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी चार डायोडांची जोडणी) घाला, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, पण या गाडीत कॉइलचे एक टोक चेसिसला जोडलेले असते आणि बल्बाची टोपीही चेसिसलाच. ब्रिजचे ऋण टोक चेसिसला लागले की त्यातला एक डायोड कॉइललाच शॉर्ट करतो. वेगळ्या दोन तारांचे बंदिस्त युनिट असेल तर गोष्ट वेगळी. होल्डरमधल्या बल्बासाठी हा मार्ग धरू नका.

एवढे झाल्यावर दिव्याचा प्रश्न घ्यायला हरकत नाही. तुमच्या सहकाऱ्याने केलेली तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण बाकीच्या गोष्टी खर्चाच्या आहेत आणि ही जिवाची आहे. २१/५ वॅटच्या प्रमाणित बल्बात ब्रेकचे फिलामेंट ४४० ल्युमेन आणि टेलचे ३५ ल्युमेन प्रकाश देते. वॅट चौपट, पण उजेड बारापट. मागच्या चालकाला ‘हा थांबतो आहे’ हे त्या बारापटीमुळे कळते. बाजारातल्या पुष्कळ एलईडी बल्बांत तेच एलईडी दोन वेगळ्या रोधांतून चालवलेले असतात आणि फरक जेमतेम दुपटी-तिपटीचा ठेवलेला असतो, कारण दुकानात टेललाइट जितका भगभगीत दिसेल तितका बल्ब खपतो. शिवाय मूळ दिव्याचा आरसा एका विशिष्ट जागी असलेल्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडी त्या जागी नसला तर आरसा अंधारात राहतो आणि मागून एक ठिपकाच दिसतो. याचा अर्थ एलईडी वाईट, असा नाही. फिलामेंटला तापून पूर्ण उजेड द्यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, एलईडी तत्काळ लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून जास्त पुढे सरकते. पण हा फायदा ब्रेक आणि टेल यांत ठळक फरक असेल तरच पदरात पडतो.

रंगाचाही पेच आहे. लाल भिंगामागे लाल एलईडी सर्वांत चांगला, कारण पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल अंश थोडा असतो आणि भिंग बाकीचा सगळा गिळते. परंतु तुमच्या दिव्याच्या खालच्या अंगाला पाटीवर उजेड पडावा म्हणून पारदर्शक खिडकी असते. लाल बल्ब घातला की नंबरप्लेट लाल दिसू लागते. क्रमांक मागून पांढऱ्या प्रकाशात वाचता यावा, अशी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ची अपेक्षा आहे. तेव्हा लाल बल्ब घ्यायचा असेल तर पाटीसाठी वेगळा छोटा पांढरा एलईडी द्या. अख्खे युनिट घेणार असाल तर त्याला ही खिडकी आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही आहेत का, ते हातात घेऊन पाहा. शोभेच्या युनिटांत बहुधा दोन्ही नसतात, आणि रिफ्लेक्टर ही बॅटरी संपल्यावरही काम करणारी एकमेव वस्तू आहे. काळी काच, चमकणारा ब्रेक, रंग बदलणारे दिवे यांच्या वाटेला जाऊ नका. पोलिसांचे राहू द्या, मागच्या माणसाचा गोंधळ होतो.

तुमच्या जागी मी असतो तर अर्थ, रेग्युलेटर आणि रबरी बुश दुरुस्त करून मूळ वॅटचा साधा बल्ब घालून दोन महिने गाडी चालवली असती. बल्ब टिकला तर वायरिंग बरे झाले याची खात्री पटते, आणि मग हौसेने एलईडी घ्यावा. थेट एलईडी घातला तर आतली दुखणी झाकली जातात, कारण तो कमी व्होल्टेजवरही जळत राहतो. ज्यांना घाई असते ते माझे ऐकत नाहीत, हेही मला माहीत आहे.

बल्ब बसवताना त्याच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, हे लक्षात ठेवा. बल्ब उलटा बसू नये म्हणूनच ती रचना आहे. एकाने बल्ब बसत नाही म्हणून कानशीने पीन घासून तो उलटा बसवला होता. परिणामी २१ वॅटचे फिलामेंट कायम जळत राहिले आणि ब्रेक दाबल्यावर पाच वॅटचे लागे. आठवडाभरात लाल भिंगाला फोड आले.

राहिले पावसात मंद जळणे. ते ब्रेकच्या स्विचमुळे होते. स्विचमध्ये ओल आणि चिखल शिरला की त्यातून अगदी थोडी वीज पाझरते. फिलामेंटला तिचा पत्ताही लागत नाही, एलईडी मात्र हजाराव्या हिश्श्याच्या अँपिअरवरही दिसण्याइतका जळतो. पुढच्या ब्रेकच्या आणि मागच्या पेडलच्या दोन्ही स्विचची टोके पाळीपाळीने सोडून पाहा; ज्याची सोडल्यावर उजेड जातो तो स्विच बदला, धुऊन-सुकवून तो फार दिवस चालत नाही. दोन्ही सोडूनही उजेड तसाच राहिला, तर बल्बातच टेलच्या बाजूची वीज ब्रेकच्या बाजूला झिरपते आहे असे समजा आणि तो बल्ब परत करा. मागच्या स्विचची जागा नटाने पुढेमागे होते. पेडल थोडेसे दाबताच, म्हणजे चाकावर ब्रेक धरायच्या आधी, दिवा लागेल अशी ती बसवा. बरेच जण हे करतच नाहीत, आणि मग सहकाऱ्याला ब्रेकलाइट दिसत नाही त्यामागे निम्मे कारण ढिला स्विच हेच निघते.

इंडिकेटरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण युनिटमध्ये इंडिकेटर जोडलेले आले तर ते भराभर लुकलुकतील, कारण जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग, दहा-दहा वॅटच्या बल्बांच्या भारावर चालतो. त्यासाठी एलईडीचा फ्लॅशर मिळतो, तो लावा. भार दाखवायला तापणारे रोध लावून प्लॅस्टिक वितळवण्यात अर्थ नाही.

काम संपले की अंधार पडल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला सुरू ठेवून घरच्या कोणाला तरी सीटवर बसवा आणि तुम्ही शंभर पावले मागे जा. त्यांनी तुम्हाला न सांगता, मनाला येईल तेव्हा ब्रेक दाबावा आणि तुम्ही हात वर करावा. दहा वेळांपैकी एकदाही चुकलात तर मला आकड्यांसह कळवा: बॅटरीवर रेस दिल्यावर किती व्होल्ट आले, आणि ब्रेक दाबलेला असताना होल्डरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किती आले.